हळदीच्या हंगामातले गुडघे

माघ सरत आला की आमच्या गावाचा वास बदलतो. डोंगरकड्याच्या रस्त्यानं गावाकडं वळलं, की पहिल्या बांधापाशीच तो नाकाला भिडतो. ओली माती, कच्चा कंद आणि वाफ, असा तिन्हींचा मिळून एक वास. शिवारात कुणाचा तरी कुकर लागलेला असतो. कुकर म्हणजे चुलीवरचा नव्हे. ट्रॅक्टरच्या मागं ओढून आणलेली, मोठमोठ्या पिंपांची हळद शिजवायची मशीन. पिंपाचं झाकण उघडलं की वाफेचा पांढरा लोट उठतो आणि त्यातून पिवळीधमक हळकुंडं ताडपत्रीवर धबाधबा कोसळतात. पुढचे पंधरा दिवस जिथं मोकळी जागा दिसेल तिथं हळद वाळत असते. शाळेत लेकरं पिवळी बोटं घेऊन येतात. मी पहिली-दुसरीची बाई. या दिवसांत तपासायला घेतलेल्या प्रत्येक वहीच्या कोपऱ्यावर मला एक पिवळा अंगठा भेटतो.

परवा असाच एक अंगठा बघत होते आणि चार वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि वर्गातल्या फरशीवरून मला उठता येत नव्हतं.

ठोकळे मांडून बेरीज चालली होती. लेकरांबरोबर मांडी घालून बसायचं, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. खुर्चीवर बसून शिकवणाऱ्या बाईला पहिलीची लेकरं फार फार तर घाबरतात, तिच्यापाशी येत नाहीत, असं माझं मत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. बेरीज संपली. उठायला गेले तर उजव्या गुडघ्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. पुन्हा प्रयत्न केला. मग दोन्ही हात फरशीवर टेकवले आणि खिडकीचा गज धरायला मिळावा म्हणून रांगत निघाले. तेवढ्यात दोघंजण पाठीवर चढली. "बाई घोडा झाल्या," असा गलका झाला. त्यांना खरं सांगण्यापेक्षा घोडा होणं सोपं होतं. पाठीवर दोन स्वार घेऊन मी खिडकीपर्यंत गेले, गज धरून उभी राहिले आणि डोळे पुसले. लेकरांना वाटलं, बाईंना हसून हसून पाणी आलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. गुडघ्यांचं दुखणं आमच्याकडं बायका तसं सांगतच नाहीत. ताप सांगतात, खोकला सांगतात. गुडघ्याबद्दल मात्र 'जरा पाय धरलेत' एवढंच बोलून पुढच्या कामाला लागतात. माझं गप्प राहण्याचं कारण निराळं होतं. मला माझी आई आठवत होती.

आईचे गुडघे पन्नाशीतच दुखायला लागले. आम्ही भावंडं मायाळू. तिनं घागर उचलली की काढून घ्यायचो, ती अंगण झाडायला उठली की म्हणायचो, आई, तू बस. पहिल्यांदा तिनं शेतात जाणं सोडलं, मग देवळात, मग शेजारच्या घरी. तिचं गाव आधी गल्लीएवढं झालं, मग अंगणाएवढं, शेवटी बाजेएवढं. विहिरीला किती पाणी आहे हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. ती गेली तेव्हा आम्ही एकमेकांना सांगितलं की आपण तिला कधी त्रास पडू दिला नाही. हे खरंच होतं. पण त्या खरेपणात काहीतरी चुकलं होतं, एवढं मला कळत होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं.

त्या रविवारी मी शेतात चहा घेऊन गेले. माझा नवरा गजानन शेती बघतो. ट्रॅक्टरनं हळदीचे बेड उकरून ठेवलेले होते आणि गयाबाईंची टोळी कंद वेचून, माती झाडून, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करत होती. दहा बायका उकिडव्या बसून सरीसरीनं पुढं सरकत होत्या. गयाबाई टोळीच्या म्होरक्या, तेव्हा चौपन्न-पंचावन्नच्या असतील. त्या अकराव्या, पण उकिडव्या नव्हत्या. एक पाय लांब करून, बसल्या बसल्या अंग ओढत पुढं जात होत्या. मी बांध उतरून जवळ गेले. किटली खाली ठेवायच्या आतच त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा बी उजवाच का?"

"काय उजवा?"

"गुडघा. बांध उतरताना तो पाय काठीवानी ताठ टाकून राहिल्या तुमी."

मी त्यांच्या शेजारी ढेकळावर टेकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, आणि विचारणाऱ्या बाईला उत्तर आधीच माहीत होतं. मी वर्गातली गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढं धरली.

"एक सकाळी, एक संध्याकाळी. मेडिकलातून आणती. घेतली की दिस निघून जातो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांखाली सूज होती. पायाची जोडवीही बोटांत रुतली होती. पोटात जळजळ होते का विचारलं, तर म्हणाल्या, "ते तर होतच राहतंय." मी म्हणाले, दवाखान्यात जाऊ. त्यांनी हातातलं हळकुंड मोडलं.

"हंगाम संपू द्या, बाई. आता मी घरी बसले तर टोळी फुटती."

यात त्या फुगवून काही सांगत नव्हत्या. गयाबाई बौद्धवाड्यातल्या. टोळीत त्यांना धरून त्यांच्या वस्तीतल्या सहा बायका होत्या आणि गावातल्या पाच. गावातल्या बायका त्यांच्या शब्दावर कामाला येतील, त्यांनी वाटून दिलेली सरी निमूट धरतील, ही गोष्ट एका दिवसात झालेली नव्हती. त्यासाठी त्यांनी बरीच वर्षं सगळ्यांच्या आधी रानात पाऊल टाकलं होतं आणि सगळ्यांच्या शेवटी काढलं होतं. तो मान पायावर उभा होता, आणि पाय गोळीवर.

"आणि गोळीनं दुसरंच काही झालं तर? मग कोण टोळी सांभाळेल?" मी विचारलं.

त्यांनी एका गड्ड्याची माती झाडली. मग म्हणाल्या, "मंगळवारी चला. पर तुमी बी दाखवायचं. मला सोबत म्हणून येऊ नका."

मंगळवारी मी रजा टाकली. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गयाबाईंचं बीपी बघितलं, रक्त-लघवी तपासायला दिली आणि गोळ्यांची पट्टी स्वतःकडं ठेवून घेतली. अशा गोळ्या रोज खायच्या नसतात, मूत्रपिंडाला आणि पोटाला भोवतात, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. बीपी वाढलेलं होतं. दोघींचे एक्स-रे झाले. मग एका खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिनं आम्हाला पाय लोंबते सोडून बसवलं, गुडघा वाकवून बघितला, मग मांडीचा पुढचा भाग दाबला.

"मावशी, दुखतो गुडघा, पण कमजोर झालीये मांडी."

गयाबाईंना ते लागलं. "कमजोर? जलम रानात गेला माझा."

"म्हणूनच आजवर टिकलात. पण दुखतं म्हणून तुम्ही त्या पायावर भार टाकत नाही. भार नाही म्हणून मांडी सुकते. मांडी सुकली की गुडघ्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, मग तो जास्त दुखतो."

गयाबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे आवळलेलं ढिल्लं झालं की गाडीचं चाक डुगडुगतं, तसं."

"बरोबर तसंच."

मी विचारलं, "पण वंगण संपलंय म्हणतात ना? मग जितकं कमी वापरू तितकं जास्त टिकेल."

ती मुलगी माझ्याकडं वळली. "मॅडम, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नाही. हालचाल झाली तरच आतल्या कूर्चेला खाऊ मिळतो. बसवून ठेवलेला गुडघा उपाशी राहतो. झीज आहे, ती मी पुसून टाकू शकत नाही. पण झीज असलेली कितीतरी माणसं नीट चालतात."

मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला पटलं. खरं तर मला आई दिसत होती, बाजेवर, आणि भोवती आम्ही सगळे, तिला माया लावून उपाशी ठेवणारे.

मग तिनं कामाचं सांगितलं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा मोजायचे, हळू खाली ठेवायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. रोज सपाट रस्त्यानं चालायचं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आखडला असेल तर शेक, कामानंतर सुजला असेल तर गार पाण्याची पट्टी. गुडघा लाल होऊन तापला, अडकून बसला किंवा अचानक पाय गळला, तर वाट न बघता यायचं. मला वेगळं सांगितलं, "वजन उतरवा. अंगावर एक किलो वाढलं तर गुडघ्याला ते कितीतरी पट वाटतं." माझा दिवसाचा पाच कप गोड चहा आणि दीड किलोमीटरच्या शाळेसाठीची स्कूटी तिनं न सांगताच ओळखली असावी. शेवटी दोघींना म्हणाली, "उकिडवं बसणं आणि मांडी बंद. निदान काही महिने. आणि फरक पडायला सहा आठवडे लागतील. त्याआधी मला शिव्या द्यायच्या नाहीत."

गयाबाई म्हणाल्या, "लेकी, उकिडवं न्हाई तर हळद कशी मोडू?"

ती मोकळेपणानं म्हणाली, "ते तुम्हालाच शोधावं लागेल, मावशी. मी कधी हळद मोडलेली नाही."

परतीच्या गाडीत गयाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर दोन्ही बाजूंची वाळत घातलेली हळद मागं पळत होती. आमचं सगळं जगणं जमिनीला धरून आहे, याचा विचार करत होते. भाकरी थापायची ती बसून, जेवायचं ते मांडी घालून, धुणं, निवडणं, पूजा, बाळंतिणीला न्हाऊ घालणं, सगळं खाली. खुर्ची पाहुण्यांची, खुर्ची हेडमास्तरांची. बाईनं खुर्ची मागितली म्हणजे ती म्हातारी झाली, कामातून गेली. आम्हा दोघींना गुडघ्याच्या कळेपेक्षा त्या खुर्चीचीच जास्त भीती होती.

बाळापूर मागं पडलं तेव्हा गयाबाई बोलल्या. "बाई, जमीन वर आणता येत न्हाई. पर हळद वर आणता येती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आमच्या घरी आल्या आणि गजाननला म्हणाल्या, "भाऊ, दोन बाजा पाहिजेत, आन केळीची कॅरेटं जेवढी असतील तेवढी."

"काहून?"

त्यांनी सांगितलं. कॅरेटं एकावर एक रचून त्यावर बाजा टाकायच्या, वर ताडपत्री. चार बायका वेचून आणतील आणि बाजेवर ओततील. सात बायका भोवतीनं उभ्या राहून, नाहीतर उपड्या कॅरेटावर बसून मोडतील. घटकाभरानं पाळी बदलायची. एकीनंच दिवसभर वाकायचं नाही.

गजानन म्हणाला, "वेचून उचलून आणायचं आन मग मोडायचं, हे दुप्पट काम झालं. कुकरवाल्याला परवाचा शब्द दिलाय मी. उभ्यानं हळद मोडताना कुणी पाहिलंय का आजवर?"

"न्हाई पाहिलं. चार दिस द्या. पाचव्या दिशी तुमी म्हणाल तसं."

मी दारात उभी होते. मध्ये बोलावं असं फार वाटलं, तरी चहा टाकायला आत गेले. तो शब्द त्यांचा होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ढीग रोजच्यापेक्षा कमी भरला. बायकांनी दिवसभर थट्टा केली. एकजण म्हणाली, "गयाबाई, लग्नाची पंगत हाय काय, टेबलावर वाढून ठेवली?" गयाबाई हसल्या, पण पाळी मोडू दिली नाही. दुसऱ्या दिवशीही कमीच. गजाननं ढीग बघितला आणि कुकरवाल्याला फोन लावला. कुकर एक दिवस पुढं ढकलावा लागला. तिसऱ्या दिवशी हातांना उंची सापडली. दुपारच्या जेवणानंतर एरवी बायका कमरेवर हात ठेवून कण्हत उठायच्या, त्या दिवशी नुसत्या उठल्या. चौथ्या दिवशी ढीग नेहमीएवढा झाला. थट्टा करणारी बाई पाळी आली तरी बाजेपासून हलेना, तिला ढकलावं लागलं. पाचव्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा गजानन आमच्या ओसरीवरची तिसरी बाज डोक्यावर घेऊन शेताकडं निघाला होता.

त्याच आठवड्यात मी वर्गात खुर्ची नेली. लेकरांनी एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या दोन्ही हातांना लोंबकळली. माझ्यापाशी येणं काही कमी झालं नाही. पंचवीस वर्षं मी मायेचं सगळं श्रेय फरशीला देत आले होते.

मात्र तिसऱ्या आठवड्यात दोघीही खचलो. गोळी बंद, व्यायाम चालू, आणि दुखणं जसंच्या तसं. गयाबाईंचं तर वाढलेलं. शाळा सुटल्यावर त्या व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "आज मेडिकलाच्या दारातून माघारी आले, बाई. उद्या माघारी येईन का, ठाऊक न्हाई." मी त्यांना सांगितलं की मीही चार दिवस व्यायाम केलेला नाही आणि काल चोरून बासुंदी खाल्ली. मग ठरलं की एकटीनं करायचंच नाही. रोज शाळा सुटली की व्हरांड्यात दोन बाकडी, दोन टॉवेल. त्या मोजायच्या, मी उचलायचे. मी मोजायचे, त्या उचलायच्या. त्यांचं दहा फार लांब असायचं. सातापाशी थांबून त्या रानातली एखादी बातमी सांगायच्या आणि माझा पाय हवेत थरथरत राहायचा.

सहा आठवडे म्हणजे नेमके सहा नव्हेत. आम्हाला आठ लागले. एका संध्याकाळी व्यायाम उरकून गयाबाई व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि खाली जाऊन थबकल्या. मागं वळून म्हणाल्या, "मी आत्ता खांब धरला होता का, बाई?" धरला नव्हता. त्या पुन्हा वर आल्या आणि पुन्हा उतरल्या.

आज चार वर्षांनी लिहिताना सांगते, गुडघे अजून दुखतात. थंडीत सकाळी आखडतात, लग्नसराईत जास्त उभं राहिलं की रात्री कुरकुरतात. दुखणं गेलं असं मी कुणाला खोटं सांगणार नाही. पण त्याची आणि माझी आता ओळख आहे. कोणतं दुखणं कामाचं, कोणतं इशाऱ्याचं आणि कोणतं नुसतं रडगाणं, हे मला कळतं. शाळेला चालत जाते. वजन थोडं उतरलं, थोडं परत आलं, पुन्हा उतरवते आहे. घरात कुणी 'तू बस' म्हणालं की मी हसते आणि उठते. चाळिशी-पन्नाशीत शरीर आपल्याशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलायला लागतं, आणि आपण त्याला एकतर गोळीनं गप्प करतो नाहीतर बाजेवर निजवतो. ते काय म्हणतंय हे विचारायला मला गयाबाईंची सोबत लागली.

त्यांची टोळी आता सतरा बायकांची आहे. कॅरेटांवरच्या बाजा यंदा आजूबाजूच्या दोन-चार शिवारांत दिसल्या. ही कल्पना कुणाची, हे तिथं बहुतेकांना ठाऊक नाही. मी तसं बोलून दाखवलं तर गयाबाई म्हणाल्या, "गुडघे त्यांचे हायेत ना बराबर? मग झालं."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी त्यांचं बीपी दाखवून हिंगोलीहून परत येत होतो. कळमनुरीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकावर एक बाई बसली होती, आमच्याच वयाची, हातात कसल्याशा तेलाची बाटली. दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती. गयाबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली, वास घेतला, परत दिली.

"लावा, चांगलं हाय, बरं वाटतं. पर आधी पाय सरळ करा. असा. वीतभर वर. आता मी दहा म्हणस्तोवर खाली ठेवायचा न्हाई. असे तीन फेरे."

"दुखतंय हो."

"दुखंल. मोडणार न्हाई."

ती बाई ओळखदेख नसताना पाय उचलून बसली. गयाबाई सावकाश मोजू लागल्या. स्टँडवरची माणसं बघायला लागली. पहिला दहाचा फेरा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यासाठी तिनं पाय उचलला. तेवढ्यात गाडी लागली, कंडक्टरनं हाक दिली, लोक दाराशी दाटले. मी पिशवी उचलली. गयाबाईही उठल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "चला, तुमची बी हीच ना?"

त्या बाईनं पाय खाली ठेवला नाही.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "माझी मागून येती. अजून एक फेरा राहिलाय."